पाथरीच्या माळावरचं माप

पाथरीच्या माळावर पाऊस किती पडतो, हे मोजायला आम्ही तिघे निघालो होतो. कचेरीच्या कागदावर आमच्या मोहिमेचा उद्देश एवढाच लिहिला होता.

१९५६ सालचा जुलै महिना. जुन्नरच्या पश्चिमेला, कोकणाकडे कडा तुटतो तिथे हा माळ आहे. त्याचं सगळं पाणी खाली मीना नदीला मिळतं. वर धो धो कोसळत असतं, तेव्हा खाली उताराजवळ, म्हणजे नदी पायी ओलांडायच्या जागी, कधी कधी ऊनही पडलेलं असतं. लोक गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडतात, आणि वरून आलेला लोंढा त्यांना मधोमध गाठतो. म्हणून सरकारनं माळावर एक पर्जन्यमापक बसवला होता. वर नरसाळं, खाली तांब्याचा डबा. पाथरवाडीचा सावळेराम रोज सकाळी माळावर चढायचा, डब्यातलं पाणी काचेच्या मापात ओतून इंच आणि सेंटांत, म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागांत, मोजायचा, वहीत लिहायचा आणि खाली उतरून तो आकडा उतारावरच्या धर्माजी पाटलांना सांगायचा. पाच इंच किंवा जास्त असेल तर धर्माजी काठावरच्या उंबराला लाल फडकं बांधत. फडकं दिसलं की नदीत कुणी पाय घालायचा नाही.

गेल्या वर्षी नऊ ऑगस्टला सावळेरामनं आकडा सांगितला, 'दोन इंच.' फडकं बांधलं गेलं नाही. दुपारी लोंढा आला आणि नदी ओलांडणारा एक तरुण वाहून गेला. सलीम त्याचं नाव, वय बावीस. जुन्नरच्या बाजारातल्या अजीजभाई कल्हईवाल्यांचा तो एकुलता एक मुलगा. आणि माळावरचा तो डबा बनवून त्याचे सांधे डागून देणारे कारागीर, तेही अजीजभाईच!

मी तेव्हा पुण्याच्या कचेरीत पावसाचे आकडे तपासत असे. भौतिकशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले होते, आणि आकड्यांत काही खटकलं की मला झोप येत नसे. त्या दिवशी जुन्नरला साडेपाच इंच पाऊस झाला होता. माळावर नेहमी जुन्नरच्या दुप्पट-तिप्पट पडतो. मग तिथे दोन इंच कसे? मी साहेबांना विचारलं. साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "डबा गळत असणार." मलाही ते पटलं. यंत्रावर संशय घ्यायची आम्हांला सवयच असते. गळका डबा! ही बातमी जुन्नरला पोचली आणि बाजाराच्या गल्लीगल्लीतून अजीजभाईंच्या दुकानापर्यंत गेली.

नवा डबा करून घ्यायला मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी वर्षभर सांधे डागायचं एकही काम घेतलेलं नव्हतं. नुसती कल्हई करत होते. दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले, "डबा देतो, बाई. पण मला वर न्या. माझा सांधा कुठं सुटला ते मला या डोळ्यांनी बघायचंय."

"आणि सुटलेला असला तर?"

"तर मग सलीमला मी मारलं," ते म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "एकदा नक्की तरी होईल."

शनिवारी संध्याकाळी आम्ही पाथरवाडीला सावळेरामच्या घरी पोचलो. चाळिशीचा, काटक, नजर चुकवणारा माणूस. त्याची बायको बयाबाई मात्र मोकळी. माझं काचा मारलेलं सुती पातळ आणि कॅनव्हासचे बूट बघून ती खळखळून हसली.

"बाईमानूस माळावर? आवं, आखाडात आमच्या म्हशीबी तिकडं जात न्हाईत!"

"ढग लई खाली आल्यात," सावळेराम म्हणाला. "चार दिस थांबा, बाई. वर उभं ऱ्हायला येत न्हाई."

"तुम्ही तर रोज जाता ना?"

"म्या जातो की. मला सवं हाय."

बयाबाईचं हसू थांबलं. तिनं चुलीकडे तोंड फिरवलं आणि भाकरी थापायला घेतली. मी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

रविवारी सकाळी सहाला निघालो. रविवार म्हणजे जुन्नरचा बाजार. नदीपलीकडच्या वाड्यांतली माणसं आमच्याआधीच उतार ओलांडून बाजाराला गेली होती. पाणी पोटरीपर्यंतच होतं. चारच्या सुमाराला ती याच वाटेनं परतणार होती.

आमच्याकडे सामान होतं ते असं: नवा डबा आणि नरसाळं अजीजभाईंच्या पाठीवर, सुतळीत बांधलेलं. माझ्याकडे काचेचं माप, होकायंत्र, लाकडी फूटपट्टी, वही आणि भाकरी. डबा खुंट्यांना जखडायला तीस हात काथ्याचा दोर. सावळेरामच्या कमरेला कोयता. तिघांच्याही डोक्यावर पानांची इरली.

पहिला तास वाट सोपी होती. भाताची खाचरं, मग हिरड्याची झाडी, मग कारवी. पुढे खडक सुरू झाला. पायाखालचं शेवाळ साबणासारखं होतं. पाण्याच्या इतक्या धारा वाट ओलांडत होत्या की वाट कोणती आणि ओहोळ कोणता, ते कळेना. वारा वाढला. इरली उलटी व्हायला लागली. आणि मग धुकं आलं! खालून वर आलं, कढईतल्या वाफेसारखं, आणि बघता बघता मला माझा पसरलेला हातसुद्धा दिसेना.

"हितंच थांबा," सावळेरामचा आवाज आला. "वाट बघून येतो."

आम्ही थांबलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मी हाक मारली. अजीजभाईंनी मारली. वाऱ्यानं हाका तोंडातून बाहेर पडताच पळवल्या. अर्धा तास झाला.

"पडला की काय बिचारा!" अजीजभाई म्हणाले.

मी पाऊल पुढे टाकलं, आणि माझ्या बुटाखालून एक दगड सुटला. तो खाली आपटल्याचा आवाज ऐकायला मी कान दिला. आवाज आलाच नाही.

सावळेरामनं आम्हांला कड्याच्या काठावर आणून उभं केलं होतं!

आम्ही दोघे जमिनीवर बसलो, मग हातापायांवर मागे सरकलो. मी होकायंत्र काढलं. माळ आमच्या उत्तरेला असायला हवा होता, आणि वारा नैर्ऋत्येचा. म्हणजे वारा डाव्या खांद्याच्या मागून लागत राहिला की दिशा बरोबर. अजीजभाईंना मी तसं सांगितलं.

"डावा खांदा," ते म्हणाले. "ठीक. तुम्ही पुढं, बाई. दोराचं टोक कमरेला बांधा."

तासभर आम्ही तसे चाललो. कधी उभे, कधी रांगत. चढ संपला, गवत लागलं, आणि धुक्यातून चार लाकडी खुंट्या वर आल्या. पाथरीचा माळ! आणि खुंट्यांच्या मध्ये तो डबा.

अजीजभाईंनी आपलं ओझं खाली ठेवलं आणि डब्यापुढे बसले. हात लावायला त्यांना धीर होईना. मीच नरसाळं काढलं. त्याचं भोक गेल्या वर्षीच्या कुजलेल्या पानांनी घट्ट बुजलं होतं. पानांवर कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. तेही जुनं, वाळून दगड झालेलं. या नरसाळ्यातून डब्यात कित्येक महिने पाण्याचा थेंब गेलेला नव्हता.

मग मी डबा फिरवला. सांध्याजवळ एक भोक होतं. बोट जाईल एवढं.

"हे बघा," अजीजभाई पुटपुटले. "हेच ते. या अल्लाह, हेच ते."

"थांबा," मी म्हटलं.

डबा सगळीकडून कळकून हिरवा झाला होता. उघड्यावरचं तांबं वर्षभरात हिरवं होतं, त्यात नवल नाही. पण भोकाची कड लाल होती. लख्ख, नव्या पैशासारखी लाल. कड आत वळली होती. म्हणजे कुणीतरी बाहेरून टोकदार लोखंड ठोकलं होतं.

"अजीजभाई, हे भोक आजचं आहे. तासाभरापूर्वीचं. आणि ते सांध्यात नाही, सांध्याच्या शेजारी आहे. तुमचा सांधा बघा. बोट फिरवा."

त्यांनी बोट फिरवलं. वरपासून खालपर्यंत, मग पुन्हा. डाग एकसंध होता. पावसानं त्यांचा चेहरा आधीच भिजलेला होता, त्यामुळे ते रडत होते की नाही हे मला सांगता येणार नाही. पण त्यांच्या तोंडातून एक आवाज निघाला, तो मी विसरलेले नाही.

"मग दोन इंच?" त्यांनी विचारलं. "दोन इंच कुठून आले?"

उत्तर आम्हां दोघांनाही एकदमच कळलं. आणि त्याच क्षणी पश्चिमेकडून किंकाळी आली!

आम्ही पळालो. काठाजवळ पोटावर झोपून मी खाली पाहिलं. धुकं क्षणभर फाटलं. पंधरा हात खाली, कारवीच्या झुडपांना एका हातानं धरून सावळेराम लोंबकळत होता. दुसरा हात कोपराखाली भलतीकडेच वळला होता. आमची चाहूल लागताच तो पळाला असणार, आणि धुक्यात त्यालाही काठ दिसला नसणार.

"बाई! वाचवा!"

दोर अजीजभाईंच्या हातात होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते उभे होते, आणि दोर सोडत नव्हते.

"नऊ ऑगस्टला तू वर आला होतास का?" त्यांनी खाली ओरडून विचारलं.

वारा. पाऊस. झुडपाचं एक मूळ तुटल्याचा आवाज.

"आला होतास का, सावळेराम?"

"न्हाई!" खालून रडका आवाज आला. "न्हाई आलतो, चाचा! घरीच व्हतो!"

किती वेळ गेला मला माहीत नाही. घड्याळ मनगटावर होतं, पण मी ते पाहिलं नाही. मग अजीजभाईंनी दोराचा एक वेढा काठाजवळच्या खडकाला दिला, दुसरं टोक खाली फेकलं आणि पाय रोवून बसले. "काखेतून घाल! दातानं गाठ आवळ! आवळली? आता खेचतो. बाई, माझ्या मागं!"

आम्ही खेचलं. दोर ओला होता, तळहात सोलून निघाले. एक हात. आणखी एक हात. मध्येच तो दगडात अडकला. पुन्हा सैल सोडला, पुन्हा खेचला. शेवटी त्याची बोटं गवतात दिसली, आणि अजीजभाईंनी त्याला मानेजवळच्या बंडीला धरून वर ओढलं.

माळावर एक कपार होती, तिच्यात आम्ही तिघे शिरलो. मी त्याचा हात पाहिला. मनगटाच्या वर हाड मोडलं होतं. माझी फूटपट्टी आणि अजीजभाईंचा फेटा वापरून तो बांधला. बांधताना तो ओरडला नाही. नुसता अजीजभाईंकडे बघत होता. कुत्रं काठीकडे बघतं तसं.

"मारा ना, चाचा," तो म्हणाला. "कवाधरनं वाट बघतोय मी."

अजीजभाईंनी फेट्याचं टोक नीट खोचलं.

"गेल्या साली जूनमदी ताप आला व्हता," तो आपणहूनच सांगायला लागला. "चार दिस वर गेलो न्हाई. अंदाजानं आकडा सांगितला. कुणी काय म्हनलं न्हाई. मग पाचव्या दिशी बी... मग रोजचंच झालं. तुमचा सलीम गेला, त्या दिशी म्या चुलीपुढं बसून दोन इंच लिवलं. मग तुमचा डबा गळतो म्हनून बोलवा आली. म्या म्हनलं, गळू दे. आज तुमी बघाया निघाला, म्हनून भोक पाडलं."

"आणि आम्हांला काठावर उभं केलंस," मी म्हटलं.

"काठ हाय ते ठावं नव्हतं, बाई. देवाशप्पत. मला आता माळावरची वाटच नीट येत न्हाई."

हे खरं असणार, असं मला वाटलं. आमच्या मार्गदर्शकाला मार्ग माहीत नव्हता!

अजीजभाईंनी भाकरीचं फडकं सोडलं. भाकरीचे तीन तुकडे केले. एक त्याच्यापुढे धरला.

"वर्षभर मी समजत होतो, मी माझ्या पोराला मारलं," ते म्हणाले. "रात्री उठून बसायचो. हात बघायचो माझे. ते काय असतं ते मला ठाऊक आहे. माझं ते आज सुटलं, आणि तुझं तुझ्यापाशीच राहिलं. त्यावर मी आणखी काय मारू तुला?" जरा थांबून ते म्हणाले, "माफ केलं असं आज तोंडातून येत नाही. खोटं कशाला बोलू? पण तुझ्यावर हात उचलणार नाही, आणि कुणाला उचलू देणार नाही. खा."

सावळेरामनं तुकडा घेतला.

दरम्यान मी नवा डबा खुंट्यांमध्ये बसवला होता. तासाभरानं जाऊन मी पाणी मोजलं. दोनदा मोजलं, कारण पहिल्या वेळी माझा विश्वास बसला नाही. साडेतीन इंच. एका तासात साडेतीन इंच!

मी कपारीत परतले. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. "हे पाणी उतारावर किती वेळात पोचेल?"

"सव्वा तासात म्हना, दीड तासात म्हना," सावळेराम म्हणाला. त्याचा चेहरा बदलला. "लोंढा व्हायला आनिक तास-दीड तास. बाई, आज बाजार हाय! मानसं चारला उतारावर येतील. बाया, पोरं..."

"आपण आलो त्या वाटेनं किती वेळ?"

"चार तास. ह्या धुक्यात पाच." तो उठून उभा राहिला, बांधलेला हात छातीशी धरून. "नाळंनं गेलं तर दोन तास. ती वाट मला येती. ल्हानपनी शेरडं त्याच नाळंनं उतरवायचो. पर नाळंत पानी असनार."

"किती?"

"आता मांडीपतूर. तासाभरानं हत्ती टिकायचा न्हाई."

आम्ही निघालो. नवा डबा तिथेच राहिला, त्याचं काम तिथेच होतं. जुना डबा अजीजभाईंनी काखेत घेतला. तो त्यांचा पुरावा होता. एकसंध सांधा, हिरवं तांबं, लाल भोक. जुन्नरच्या बाजारात तो डबा मधोमध ठेवून ते सगळ्यांना दाखवणार होते.

नाळ म्हणजे कड्याला पडलेली एक उभी भेग. तिच्यात माणसाएवढे धोंडे अडकले होते आणि धोंड्यांवरून पांढरं पाणी उड्या घेत होतं. सावळेराम पुढे. एका हातानं, ढोपरांनी, पाठीनं घसरत तो उतरत होता आणि प्रत्येक पायरीला ओरडून सांगत होता, "डाव्या हाताला! तो धोंडा हलतो, त्याला धरू नगा! आता उडी!" मी आयुष्यात इतकी भ्याले नव्हते. आणि इतकी नेमकी सूचनाही कधी ऐकली नव्हती.

अर्ध्या वाटेवर पाणी अचानक वाढलं. वरून गडगड असा आवाज आला आणि एक धोंडा आमच्या डोक्यांवरून गेला. सावळेराम त्याला चुकवायला वळला. त्याचा पाय निसटला! पाण्यानं त्याला कमरेतून उचललं. धरायला त्याच्याकडे एकच हात होता, आणि तो हात हवेत होता.

अजीजभाई त्याच्या सर्वांत जवळ होते. त्यांचा एक हात खडकाच्या कपारीत रुतलेला, दुसऱ्या काखेत डबा. त्यांनी काख उघडली. डबा खडकावर आपटला, ठण्ण करून वाजला आणि पाण्यात दिसेनासा झाला. त्याच हातानं त्यांनी सावळेरामचं मनगट धरलं.

मी खाली सरकून त्याचा पाय एका खाचेत बसवला. तिघेही धापा टाकत खडकाला चिकटून उभे राहिलो.

"चाचा," सावळेराम म्हणाला. "डबा गेला."

"दिसला मला. चल, उतर."

"तुमच्याकडं आता दावायला काय बी न्हाई ऱ्हायलं."

"उतर म्हणतो ना! माणसं यायची वेळ झाली!"

पावणेचारला आम्ही उतारावर पोचलो. तिथे ऊन होतं! खरंच, ढगांच्या फटीतून पिवळं ऊन पडलं होतं, आणि नदीचं पाणी जेमतेम गुडघाभर. बाजारातून परतलेली पन्नासेक माणसं काठावर होती. टोपल्या, गाठोडी, कडेवर पोरं. एक बैलगाडी पाण्यात उतरली होती.

"थांबा!" मी ओरडले. "वर साडेतीन इंच पाऊस झालाय, एका तासात! पूर येतोय!"

धर्माजी पाटील उंबराखाली विडी ओढत बसले होते. त्यांनी आमच्या चिखलानं माखलेल्या अवताराकडे निवांत पाहिलं.

"काय म्हनता, बाई? मापलं कशात? ह्या कल्हईवाल्याच्या डब्यात?" लोक हसले. "गेल्या साली त्याच्या गळक्या डब्यानं दोन इंच दावलं अन् त्याचाच पोरगा गेला. आता काय, साडेतीनाचं तीस करून दावतोय व्हय? ऊन पडलंय, राव! हाक रं गाडी!"

अजीजभाईंनी मान खाली घातली. मी बोलायला तोंड उघडलं, पण दाखवायला माझ्या हातात काय होतं? सावळेराम गप्प राहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं. त्याला ते ठाऊक होतं. मी त्याच्याकडे बघत होते, आणि मला दिसत होतं की ते त्याला ठाऊक आहे.

तो पाण्यात शिरला. बैलांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला आणि चांगल्या हातानं जू धरलं.

"डबा गळका नव्हता!" तो ओरडला. "धर्माजीअण्णा, ऐका! कल्हईवाल्याचा डबा चांगला व्हता! म्या माळावर गेलोच नव्हतो! वर्षभर गेलो न्हाई! घरी बसून आकडं लिवलं! सलीम माझ्यापायी मेला! तुमची पोरंबी माझ्यापायी मराया पायजेत का? मला मागनं कापा, काय बी करा, पर गाडी मागं घ्या!"

धर्माजींच्या बोटांत विडी तशीच जळत राहिली. मग ते उठले, उंबराच्या ढोलीतून लाल फडकं काढलं आणि फांदीला बांधलं. गाडी मागे आली. पाण्यातली माणसं काठावर आली.

आणि पूर आला नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. "कुठाय त्यो पूर?" कुणीतरी म्हणालं. कडेवरचं एक पोर रडायला लागलं. मी मापलं चुकीचं तर नाही?

आधी वास आला. ओल्या मातीचा, मुळांचा. मग नदीचा रंग बदलला. मग वळणावरून ते आलं! पुरुषभर उंच, तांबडं, फेसाळ, उपटलेली झाडं घेऊन. डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोच बैलगाडी उभी होती त्या जागेवर नदीच नदी झाली. पायांखालची जमीन थरथरत होती. एका बाईनं आपलं पोर छातीशी घट्ट धरलं आणि ती मटकन खाली बसली.

पूर पुढे निघून गेल्यावर माणसं सावळेरामकडे वळली. आधी नुसती बघत होती. मग धर्माजींनी काठी उचलली.

"वरीसभर आमच्याशी खोटं बोल्लास? वरीसभर?"

अजीजभाई मध्ये आले. ते उंच नव्हते, आणि त्या दिवशी फारच थकलेले होते.

"पाटील, मुलगा माझा गेला होता."

"म्हनून तर!"

"म्हणून सांगतो. मारायचा हक्क पहिला माझा. मी मारला नाही. आता कुणी मारायचा नाही." ते सावळेरामकडे वळले. "कड्यावर तोंडातून येत नव्हतं. आता येतंय. माफ केलं तुला."

सावळेराम तिथेच चिखलात बसला. काठी हळूहळू खाली आली.

त्या संध्याकाळी पाथरवाडीत मी वही उघडली आणि सावळेरामला समोर बसवलं. "गेल्या वर्षीचे तुमचे सगळे आकडे मी रद्द करणार," मी त्याला सांगितलं. "काय झालं ते कचेरीला जसंच्या तसं लिहिणार. तुम्हांला कामावर ठेवायचं की नाही, ते माझ्या हातात नाही. तुम्हांला वाईट वाटू नये म्हणून मला त्यातलं काही गाळता येणार नाही."

"गाळू नगा," तो म्हणाला.

"आजचंही लिहा, बाई," अजीजभाई कोपऱ्यातून म्हणाले. "नाळेतून कुणी उतरवलं, ते."

तेही लिहिलं. बयाबाई चुलीपुढे बसून रडत होती. मध्येच म्हणाली, "मला ठावं व्हतं, बाई. म्या बी गप ऱ्हायले. माझं बी नाव लिवा." मी ते लिहिलं नाही. कचेरीला बयाबाईचं नाव लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली, तेव्हा सावळेराम इरलं घेऊन उंबऱ्यावर उभा होता. मोडका हात गळ्यात बांधलेला. बाहेर पाऊस.

"कुठं निघालात?"

"माळावर. मापायची वेळ व्हईल." मग जरा अडखळत म्हणाला, "पर बाई, एका हातानं डबा वतता येत न्हाई. माप कुनीतरी धराया पायजे."

मी बूट शोधू लागले. पण अजीजभाई आधीच उठले होते. त्यांचे सोललेले तळहात बयाबाईनं तेल लावून फडक्यांत बांधले होते. त्यांनी माझ्याकडून काचेचं माप घेतलं, सदऱ्याच्या आत ठेवलं आणि ते त्याच्या मागोमाग बाहेर पडले. दोघे खाचरांच्या बांधावरून गेले आणि धुक्यात शिरले.

धुक्यामुळे ते वाट शोधत शोधत चढले असणार. परतले तेव्हा दोन वाजून गेले होते. आम्ही उतारावर वाट बघत होतो. मी, धर्माजी आणि वाडीतली आठ-दहा माणसं. दोघेही कमरेपर्यंत चिखलानं भरले होते. धर्माजींनी नेमकं अजीजभाईंनाच विचारलं, "किती?"

अजीजभाईंनी सावळेरामकडे पाहिलं आणि थांबले.

"काल मापल्यापासनं धरून नऊ इंच," सावळेराम म्हणाला. "नऊ इंच अन् सदतीस सेंट. दोनदा वतून बघितलं."

मी वही उघडली आणि लिहिलं.